मागाच्या खड्ड्यातले चिरूट

यंदा नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला त्याच दिवशी भाच्यानं मला एक घड्याळ आणून दिलं. ते वेळ तर दाखवतंच, शिवाय खोलीतली उष्णता आणि हवेतला ओलावाही आकड्यांत दाखवतं. "मावशी, आता तुला कळेल एसी किती ठेवायचा ते," असं म्हणून त्यानं ते नागपूरबाहेर बेसातल्या माझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारी मांडलं आणि तो निघून गेला. दुपारी तीन वाजता मी पाहिलं तर ओलाव्याचा आकडा होता शंभरात चौदा. मी त्या चौदाकडे बराच वेळ बघत बसले आणि मग उठून घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवलं. भाचा पुन्हा आला की त्याला वाटेल, म्हातारीला वस्तू आवडली नाही.

तसं काही नाही. आमच्या घरी हे काम माझ्या बाबांची बोटं करायची, आणि त्या बोटांवरचा त्यांचा भरवसा एका उन्हाळ्यात मी घालवला. सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. उन्हाळ्याच्या आठवणी म्हटलं की वाचणाऱ्याला पन्हं, मोगरा आणि गच्चीवरची झोप लागते. त्यातलंही थोडं येईल, पण मला सांगायचंय ते दुसरंच.

आमचं घर गोळीबार चौकाच्या मागे. आम्ही विणकर. त्या ओळीतल्या प्रत्येक घराच्या पुढच्या खोलीत माग असायचा, आणि मागाखाली कमरेइतका खोल खड्डा. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसायचा, पाय खड्ड्यात सोडायचा आणि पायांनी खालच्या फळ्या दाबत वर आडव्या सुताचा धोटा फेकायचा. खड्डा काही केवळ पायांच्या सोयीसाठी नसतो. नागपूरच्या उन्हाळ्यात सूत फार तापट होतं, जरा कोरडं पडलं की तटकन तुटतं. जमिनीच्या पोटातला गारवा आणि ओल खालून ताण्याला, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या सुताला, लागत राहिली, तरच वैशाखात बारीक सुताचं लुगडं निघतं. माझ्या लहानपणी सकाळी सहा वाजता आख्ख्या गल्लीत खटखट सुरू व्हायची. मी शाळेत शिकवायला लागले तोवर तीन-चार घरांतच ती उरली होती. पॉवरलूम आले होते. आमचा माग उभा होता, पण त्यावर ताणा नव्हता. बाबा मात्र रोज तो फडक्यानं पुसायचे.

साल नेमकं सांगत नाही, पंचाहत्तर-शहात्तरच्या आगेमागे धरा. माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष होतं. थोरली बहीण उमरेडला दिलेली होती, त्यामुळे घरात आम्ही तिघंच: बाबा, माय आणि मी.

बाबांना एकच शौक होता, चिरुटाचा. आमच्या आळीत माणसं बिडी ओढायची, फार तर तंबाखू मळायची. चिरूट म्हणजे साहेबी थाट, असं सगळे त्यांना चिडवायचे. पण बाबांना ही सवय साहेबापासून लागलेली नव्हती. तरुणपणी इकडची रेशमी किनार शिकवायला त्यांना दक्षिणेतल्या एका विणकरांच्या गावी वर्षभर पाठवलं होतं. तिथले विणकर काम संपलं की ओट्यावर बसून हे जाडे काळे चिरूट ओढायचे, आणि बाबा ती आवड घेऊन परत आले. पुढं आमच्या शेजारचे गार्डकाका, जे मालगाडीवर गार्ड होते, मद्रास लाइनच्या आपल्या सोबत्यांकडून दर दीड महिन्याला पन्नासाची जुडी मागवून द्यायचे. केळीच्या सोपटानं बांधलेली, आणि आम्हाला एक अक्षर वाचता येणार नाही अशा वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

जुडी आली म्हणून बाबा लगेच काडी ओढायचे नाहीत. "गाडीतून आला आहे, थकला आहे, आधी निजू दे त्याले," म्हणायचे. निजायची जागा म्हणजे मागाचा खड्डा. खड्ड्याच्या तळाशी एका कोपऱ्यात वाळूचा थर होता. त्यात गळ्यापर्यंत रुतवलेलं मातीचं मडकं, मडक्याच्या बुडाशी पाण्यात भिजवून निथळलेला कवेलूचा, म्हणजे छपरावरच्या कौलाचा, तुकडा, त्यावर बांबूची बारीक जाळी, आणि जाळीवर चिरूट. कवेलूला चिरूट टेकता कामा नये, टेकला की तिथं पांढरी बुरशी धरते. मडक्यावर मातीचं झाकण आणि वरून धोतराचा जुना तुकडा. ओल वाळूतून मडक्याला आणि मडक्यातून आतल्या हवेला लागायची. शहाण्या माणसांनी त्यासाठी देवदाराच्या पेट्या केल्यात, असं मी पुढं कुठंतरी वाचलं. बाबांनी खड्ड्यात जे केलं ते त्यांच्या सुतानंच त्यांना शिकवलं होतं. ते म्हणायचे, "पान आन् सूत एकाच जातीचं. दोघंही तहानेनं मरतात आन् दोघंही पाण्यात सडतात."

मुख्य गोष्ट होती वाळूला रोज पाणी किती द्यायचं ही. दाराच्या चौकटीला खिळ्यावर खळ न लावलेल्या सुताचा एक धागा रात्रभर टांगलेला असायचा. सकाळी बाबा उंबऱ्यावर बसायचे, तो धागा काढून अंगठा आणि बोट यांतून हळूच ओढायचे, मग कानाजवळ नेऊन ताणायचे. डोळे मिटलेले. आणि मग निकाल: "आज दोन ओंजळी." आभाळ आलेलं असलं की एक. गरम वाऱ्याची लू सुटली की तीन. पावसाळ्यात पाणी मुळीच नाही, उलट मडक्यात कोळशाचा एक खडा. बाबांचे गुडघे तेव्हा गेलेले होते, खड्ड्यात उतरणं त्यांना जमत नसे. म्हणून ओंजळी माझ्या. मी उतरायचे, सांगितल्या तेवढ्या ओंजळी वाळूवर टाकायचे, सांजेचा चिरूट काढून वर द्यायचे. बाबा तो कानाशी धरून दोन बोटांत हलकाच दाबायचे. चुरचुर आवाज आला तर कोरडा. दाबल्यावर दबलेलाच राहिला तर ओला. दबला आणि आवाज न करता परत फुलला, की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं ते मी पहिला पगार हातावर ठेवला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

मायचा या सगळ्यावर राग. तिचं वाळवण चालू असायचं ना! गच्चीवर कुरडया, मुगाचे पापड, गव्हाच्या पिठाचे सरगुंडे. तिला घर कोरडं ठणठणीत हवं असायचं आणि यांना खड्ड्यात ओल हवी. "माह्या पापडाले तुमच्या खड्ड्याची हवा लागली तं पाहा," ती वरून ओरडायची. बाबा खालून म्हणायचे, "तुह्या पापडाचा मसाला माह्या चिरुटाले लागला तं काय करू मी?" हे भांडण दरवर्षी व्हायचं आणि दरवर्षी दोघंही जिंकायची. एकाच घरात, एकाच हवेत, दोन माणसं दोन उलट गोष्टी सांभाळत होती आणि दोघांचंही साधत होतं. आता या फ्लॅटमध्ये मी एकटी, आणि माझ्याच्यानं एक तुळस जगत नाही.

खड्ड्यातून काढलेला चिरूट लगेच उन्हाच्या झळीत नेला तर त्याचं वरचं पान तडकतं, म्हणून तो आधी अर्धा तास धोतराच्या फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवायचा. दिवस मावळल्यावर, वारा पडल्यावर, मागच्या भिंतीच्या आडोशाला बसायचं. वाऱ्यावर धरला की तो एकाच बाजूनं जळत जातो. काडी टेकवायची नाही, जाळ जरा लांब ठेवून टोक आधी शेकायचं. आणि घाई करायची नाही. एक झुरका, मग दोन गोष्टी बोलायच्या, मग दुसरा झुरका. भराभर ओढला की चिरूट तापतो आणि जीभ पोळते. मोगऱ्यावर पाणी मारलेलं असायचं, गार्डकाका भिंतीपलीकडून भरभरून बोलायचे, आणि बाबा पाऊण तास तो एक चिरूट पुरवायचे. मला तो वास आवडायचा, हे आज कबूल करायला हरकत नाही.

त्या वर्षी होळीनंतर बाबांचा खोकला वाढला. खोकता खोकता ते मागाचा खांब धरायचे. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बाबांशी फारसे बोललेच नाहीत. शिकलेली मुलगी सोबत आहे म्हटल्यावर सगळं माझ्याशी. "धूर बंद झाला पाहिजे. हे म्हातारे ऐकत नाहीत, तुम्ही काहीतरी करा," ते म्हणाले. ते 'तुम्ही काहीतरी करा' माझ्या डोक्यात बसलं. मी मास्तरीण होते. वर्गातल्या चाळीस पोरांच्या खोडी मोडायची मला सवय होती, आणि आपल्याला सगळ्यातलं कळतं असं वाटायचं वयही होतं.

मी सांगून पाहिलं. रडून पाहिलं. बाबा म्हणाले, "दिवसाले एक तं ओढून राहिलो वं मी. एकानं का मरते माणूस?" तेव्हा मी दुसरा उपाय काढला. चिरूट चोरायचे नाहीत, फेकायचे नाहीत, फक्त वाळूवर पाणी टाकायचं नाही. चिरूट वाळतील, कडक होतील, ओढवणार नाहीत, आणि बाबा आपोआप सोडतील. भांडण नाही, आदळआपट नाही. मला ही युक्ती फार हुशारीची वाटली होती.

सकाळी बाबा धागा ओढून म्हणायचे, "आज दोन ओंजळी." मी लोटा घेऊन खड्ड्यात उतरायचे, कवेलू काढून पदरानं कोरडं करायचे, थोडा वेळ थांबायचे आणि भरलेला लोटा तसाच घेऊन वर यायचे. "टाकलं का वं?" "टाकलं बाबा." हे रोज. तसाच भरलेला लोटा मी मोगऱ्यावर ओतायचे, त्या वर्षी मोगरा फार फुलला.

आठ दिवसांत चिरूट बोलायला लागले. बाबांनी एक कानाशी धरला, दाबला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. दुसरा मागितला. त्याचं पान त्यांच्या बोटातच उकललं.

"दोन टाकल्या ना?"

"दोन टाकल्या."

"उद्या तीन टाक. माहाच अंदाज चुकला दिसते."

तीनही झाल्या आणि चारही झाल्या. चार ओंजळी सांगताना ते स्वतःशीच हसले, "चार ओंजळीत तं भेंडीचं रोप जगते वं." मी वाळूवर थेंब टाकला नाही. बाबा ते कोरडे चिरूटही ओढायचेच. ते गवतासारखे भसाभसा जळायचे, जीभ पोळायची आणि खोकला उलट वाढला. पण मग हळूहळू अर्ध्यावर विझवायला लागले. एक दिवस काढलाच नाही. मी मनात म्हटलं, जिंकले. मायलाही सांगितलं नाही. चांगलं काम गुपचूप करावं, असा आव मी स्वतःपुढेच आणत होते.

त्यांच्यात दुसरं काय चाललं होतं ते मला दिसत होतं, पण मी बघत नव्हते. ते आता धागा एकदा ओढून थांबत नव्हते. तीनदा, चारदा ओढायचे. डोळे मिटायचे, उघडायचे. बोटं धोतराला पुसून परत ओढायचे. एकदा त्यांनी दोन्ही हातांची बोटं पाण्यात बुडवून, वाळवून, मग धागा धरला. बाहेर नवतपा लागला होता, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि हवा किती कोरडी आहे हे सांगायला कुणा जाणकाराची गरज नव्हती. तरी ते उंबऱ्यावर बसून त्या हातभर धाग्याला विचारत बसायचे. मला आठवतं, मी शाळेच्या सुट्टीतलं पेपर तपासायचं काम घेऊन समोरच बसलेले असायचे, आणि चुकीच्या उत्तरांवर लाल रेघा मारायचे.

अशात एक दिवस सकाळी विणकरांच्या सोसायटीचे चिटणीस आमच्याकडे आले. जुन्या पद्धतीच्या रेशीमकाठी बारीक लुगड्यांचं मोठं काम सोसायटीला मिळालं होतं. माग होते, तरुण विणकर होते, पण ताणे तुटत होते. कुठल्या दिवशी खड्ड्यात किती पाणी शिंपडायचं, खळ किती पातळ ठेवायची, ओलं गोणपाट कधी टांगायचं आणि कधी काढायचं, हे सांगणारं माणूस उरलं नव्हतं. "तुम्ही काहीच करू नका," चिटणीस बाबांना म्हणाले, "रोज सकाळी या, हवा पाहा आन् फक्त सांगा. हात आमचे पोरं लावतीन. रिक्षा पाठवतो."

बाबा ताठ बसले. किती वर्षांनी ताठ बसले ते. मायनं आनंदाच्या भरात चहात साखर जास्त टाकली. बाबांनी मागाच्या खांबावर हात ठेवला आणि म्हणाले, "चार दिवस द्या साहेब. जरा बोट पाहून घेतो आपलं."

बोट पाहून घेतो. त्या वाक्यानं मी जागी झाले. बाबा आता चार दिवस कशावर बोट पाहणार होते, ते घरात फक्त मलाच माहीत होतं.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मी ठरवलं, आपण बिघडवलंय ते आपणच निस्तरू, आणि कुणाला कळायचीही गरज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी धागा पाहिला, पुष्कळ वेळ पाहिला, आणि घाबरत घाबरत म्हणाले, "तीन." मी खाली उतरले. महिनाभर तहानलेली वाळू माझ्यासमोर होती. तीन ओंजळींनी तिचं काय होणार, असं मला वाटलं. मी तीनच्या जागी दहा टाकल्या. कवेलू निथळल्याशिवाय तसंच ठेवलं. संध्याकाळी चिरूट अजून कोरडेच होते, म्हणून बाबांची पाठ वळल्यावर आणखी अर्धी घागर. विणकराची पोर असून मला एवढं कळलं नाही, की ओल सावकाश चढते आणि एकदा चढली की माणसाच्या हातात राहत नाही.

तिसऱ्या दिवशी चिरूट फुगले. चौथ्या दिवशी मी मडक्याचं झाकण काढलं तर दमट, आंबूस वास आला. दोन-तीन चिरुटांवर पांढरे ठिपके होते. त्यातल्या त्यात बरा एक निवडून मी वर दिला. बाबांनी तो दाबला. तो दबला आणि तसाच राहिला, त्यांच्या अंगठ्याचा ठसा त्यावर उमटला. त्यांनी तो पेटवायचा प्रयत्न केला. चार काड्या गेल्या. ओला चिरूट नुसता करपतो, पेटत नाही.

"परवा कोरडा होता," बाबा हळू आवाजात म्हणाले. "आज हा असा. हवा तं तीच आहे. मी सांगतलं तेवढंच तू टाकलं. मंग राह्यलं काय? माहं बोटच राह्यलं."

पाचव्या दिवशी चिटणीस आले ते रिक्षा घेऊनच. बाबांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं. मला वाटलं, जातात की काय, देवा, जाऊ दे त्यांना, तिथं गेल्यावर बोटं आपोआप खरं सांगतील. पण बाबांनी पाहुण्याला बसवलं आणि हात जोडले.

"साहेब, माहं बोट मेलं. महिनाभर पाहून राहिलो मी. सांगतो एक आन् होते एक. तुमचं रेशीम महागाचं, पोरं नवीन. माह्या भरवशावर ताणा लावाल आन् तुटन. लोक म्हनतीन म्हातारा येडा होता, आन् तुम्हीही येडे."

"असं काहून म्हणता? चाळीस वर्षं तुम्ही..."

"चाळीस वर्षं होतं ते. आता नाही."

मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. सांगायचं तर एकच वाक्य होतं. पाहुण्यासमोर बाबांची फजिती होईल, आपल्याच पोरीनं आपल्याला महिनाभर फसवलं हे परक्या माणसाला कळेल, असं कारण मी तेव्हा स्वतःला दिलं. पुढं बरीच वर्षं तेच देत राहिले. खरं कारण साधं होतं. मला भीती वाटली. सांगितल्यावर बाबा माझ्याकडे ज्या नजरेनं बघतील, त्या नजरेची. आणि खोलवर कुठंतरी हेही होतं, की चिरूट सुटतोय ना, मग सुटू दे. मी चहा ठेवला आणि आत गेले. रिक्षा रिकामी परत गेली.

त्या संध्याकाळी बाबांनी उरलेले चिरूट गार्डकाकांना परत दिले आणि त्यानंतर एकही ओढला नाही. डॉक्टर माझ्यावर खूश झाले. "बघा, मनावर घेतलं की होतं," म्हणाले. मी ते कौतुक घेतलंसुद्धा.

दारावरच्या खिळ्याला धागा टांगणं बंद झालं. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण बाबा कशालाच स्वतः हात लावून ठरवेनासे झाले. दोरीवरचं धोतर वाळलंय की नाही, हे मायला विचारायचे. आंघोळीचं पाणी कडक आहे का, मला बोट घालून बघायला लावायचे. बाजारात लुगड्याचा पोत न चाचपता उगाच मान हलवायचे. माय म्हणायची, म्हातारपण आलं. म्हातारपण असं एका आठवड्यात येत नाही, पण मी तिला ते कुठल्या तोंडानं सांगणार होते?

पावसाळ्यात माग विकला. लकडगंजच्या लाकूडबाजारातून माणूस ठेला घेऊन आला होता. त्यानं खांब ठोकून पाहिले, आणि बाबाच त्याला सांगत होते, "अस्सल सागवान आहे, घुण नाही लागलेली." मागाच्या दोऱ्या कापू नका म्हणाले, गाठी त्यांनी स्वतः सोडवल्या. त्या गाठी सोडवताना त्यांची बोटं एकदाही अडखळली नाहीत, मी पाहत होते. खड्ड्यात मुरूम भरला, वर फरशी बसवली. पुढच्या खोलीत जागा झाली म्हणून आम्ही तिथं लोखंडी कॉट टाकली, आणि पुढं बाबा त्याच कॉटवर आजारी पडले.

चिरूट सुटला तरी खोकला काही गेला नाही. दोन वर्षांनी, हिवाळ्यात, ते उठेनासे झाले. तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून सांगितलं, "हे सुताचं आहे. चाळीस वर्षं कापसाचे तंतू छातीत गेलेत. चिरुटानं भर घातली असेल, पण मूळ ते नाही." म्हणजे ज्याच्यासाठी मी हे केलं होतं तेही धड नव्हतं. एक चिरूट सांजचा, पाऊण तासाचं सुख, आणि सोसायटीच्या रिक्षातून रोज सकाळी मानानं जाणं, हे दोन वर्षं त्यांना मिळालं असतं.

त्याच दुपारी घरी येऊन मी सांगितलं. माय मागे भांडी घासत होती. बाबा भिंतीला टेकून बसले होते, पायांवर गोधडी. मी कॉटच्या कडेला बसले आणि त्यांचा उजवा हात हातात घेतला.

"बाबा, तुमचं बोट बरोबर होतं. मीच पाणी टाकत नव्हती. महिनाभर एक थेंब नाही टाकला. आन् ते चार दिवस तुम्ही तीन सांगितल्या तं मी दहा टाकल्या. तुमचं काही चुकलं नव्हतं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या नजरेला मी दोन वर्षं भ्याले होते ती नजर आलीच नाही. ते हसले, हसण्यानं खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"शिकली सवरली, पण खोटं बोलता नाही आलं तुले कधी," ते म्हणाले. "म्हाताऱ्याले बरं वाटावं म्हनून आपल्या अंगावर घेऊन राहिली. काहून वं?"

"खोटं नाही बाबा. आईशप्पथ खरं."

"बरं बरं. समजलं मले." त्यांनी हात काढून घेतला आणि मागच्या दाराकडे तोंड करून मायला हाक मारली. "अवं, पाह्य जरा. पोरगी किती मायेची आहे आपली."

मी आणखी एकदा सांगितलं. काय काय केलं ते सगळं, कवेलू कसं पुसायचे, लोटा कुठं ओतायचे. ते ऐकत होते आणि माझी समजूत काढल्यासारखी मान हलवत होते. जितकं बारकाईनं सांगावं तितका त्यांचा चेहरा अधिक मऊ होत गेला. शेवटी म्हणाले, "बस कर आता. थकशीन." आणि त्यांनी डोळे मिटले.

माय हात पुसत दारात उभी होती. तिनं मला मागच्या अंगणात बोलावलं.

"काय सांगून राहिली होती तू त्याहिले? खरं आहे का ते?"

तिच्या मागे, उघड्या दारातून, बाबा दिसत होते. त्यांच्या चेहऱ्यावर अजून ते हसू होतं.

"नाही," मी म्हणाले.

"मंग ठीक आहे," माय म्हणाली, आणि आत जाऊन तिनं त्यांच्या पायांवरची गोधडी सारखी केली.